एअरपोर्टच्या तपासणीत पुढे कसं निघावं, अन् दुसऱ्याला कसं निघू द्यावं

सिक्युरिटीच्या लाइनीत माणूस तीन जागी रेंगाळतो: ट्रेमध्ये सामान ठेवताना, झडतीच्या चौकटीपाशी आणि पलीकडे पट्ट्यावरून सामान उचलताना. पहिल्या आणि तिसऱ्या जागी त्याच्या बाजूने पुढे निघायला हरकत नाही, फक्त तोंडाने विचारायचं. मधल्या जागी कधीच नाही. आणि या तिन्हींच्या आधी पट्ट्या लावून केलेली जी नागमोडी लाइन असते, तिथे नंबर म्हणजे नंबर. तिथे समोरचा संथ असला तरी तुमचं काही अडत नाही, कारण त्याच्याही समोर माणसं उभीच आहेत.

तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, दाखले हे रोजचं काम; पण हल्ली विमानाची तिकिटं काढायलाही माणसं येतात. कोणाचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, कोणाची सून बंगळुरूला बाळंत होणार आहे, कोणाला मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं आहे. तिकीट हातात पडलं की विमानाबद्दल फार कोणी विचारत नाही. विचारतात ते लाइनीबद्दल. “तिथं आपल्यामुळं कोणी खोळंबलं तर?” हा म्हाताऱ्यांचा प्रश्न. “समोर म्हातारे असले तर निघायचं कसं?” हा त्यांच्या पोरांचा. दोघांनाही उत्तर एकच देतो, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो.

आधी घरची अन् रस्त्यातली तयारी

मागच्याला पुढे काढायची वेळच येऊ नये, अशी निम्मी सोय घरी होते. आपल्याकडच्या माणसाच्या खिशात आणि पिशवीत काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. सुपारीचा अडकित्ता, काडेपेटी, लायटर, फळं कापायचा चाकू: हे हातातल्या बॅगेतून जात नाही. अडकित्ता नि चाकू मोठ्या बॅगेत टाका, जी काउंटरवर जमा होते. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवा. लेकीसाठी नेलेलं तिखटही जमा करायच्या बॅगेत. लोणच्याची बरणी नि तूपही तिथेच बरं, नीट आवळून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. पॉवर बँकेचं बरोबर उलटं आहे. ती जमा करायच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. कुरड्या, पापड, सांडगे, संत्री यांना कोणी काही म्हणत नाही.

मग खिसे. नागपूरच्या विमानतळावर वर्ध्याच्या रस्त्याने येत असाल तर बुटीबोरी मागे पडली की गाडीतच खिसे रिकामे करायला घ्या. मोबाइल, किल्ल्या, सुटे पैसे, तंबाखू-चुन्याची डबी, सगळं एका कापडी पिशवीत आणि ती पिशवी हातातल्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात. बाहेर फक्त आधार कार्ड आणि बोर्डिंग पास. ट्रेपाशी जो वेळ जातो तो बॅग ठेवण्यात जात नाही. तो जातो बंडीच्या आतल्या खिशातून एकेक वस्तू काढण्यात, तीही मागे वीस माणसं बघत असताना. डबी तिथे हमखास निघते. चौकट पिवपिवते, म्हातारा परत येतो, डबी ट्रेमध्ये टाकतो, पुन्हा जातो, आणि मग कोपरीच्या खिशात किल्ली निघते.

समृद्धी महामार्गाने कारंजा-वाशीमकडून येणाऱ्यांना हल्ली वाटतं, आता काय, पोचलोच. महामार्ग वेळ वाचवतो खरा, पण वाचलेला वेळ माणसं घरून उशिरा निघण्यात घालवतात आणि मग लाइनीत “आमचं विमान सुटतंय” करतात. देशातल्या देशात जायचं असेल तर दोन तास आधी पोचायचं. बहुतेक कंपन्या सुटायच्या तासभर आधी सामान घ्यायचं बंद करतात आणि गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. तिकिटावर मोठ्या अक्षरात असते ती विमान उडायची वेळ. तुमची खरी वेळ ती नव्हे.

नागमोडी लाइनीत

इथे पुढे निघायचं एकच रास्त कारण: गेट बंद व्हायला आलंय. बाकी कारणं, म्हणजे बोअर होतंय, फोन आलाय, आत चहा घ्यायचाय, ही कारणं नाहीत.

कारण खरं असेल तर क्रम असा ठेवा. आधी विमान कंपनीचा माणूस शोधा. तो बऱ्याचदा लाइनीपाशीच उभा असतो आणि “मुंबईवाले, मुंबईवाले इकडे या” असं ओरडत असतो. त्याला बोर्डिंग पास दाखवा. तो म्हणाला तर कोणाला काही विचारायची गरज नाही, तो स्वतः घेऊन जाईल. तो नसेल तर लाइनीच्या तोंडाशी उभ्या जवानाला विचारा. दोघांपैकी कोणीच भेटलं नाही, तरच लाइनीतल्या माणसांना.

माणसांना विचारताना कहाणी सांगू नका. वेळ सांगा. “दादा, माझं गेट सव्वासातला बंद होतंय. समोर जाऊ देता का?” एवढंच, आणि बोर्डिंग पास त्यांना दिसेल असा धरा. बायको आजारी, रस्ता खराब, टायर पंक्चर, हे ऐकायला कोणाला वेळ नसतो, आणि ऐकून खरंही वाटत नाही. दुसरं म्हणजे एकाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं होत नाही. प्रत्येकाला वेगळं विचारायचं. चार जणांच्या पुढे जायचं तर चार वेळा विचारायचं, आणि पाचव्याने नाही म्हटलं तर त्याच्या मागे उभं राहायचं. नाही म्हणायचा त्याला हक्क आहे, आणि त्याने कारण द्यावं अशी अपेक्षा ठेवू नये.

एक गोष्ट विचारायच्या आधी पाहून घ्या. नागपूरहून सकाळी मुंबई, पुणे, दिल्लीकडे जाणारी विमानं जवळजवळच्या वेळांना असतात. समोरचा तुमच्याच विमानात असू शकतो. मग तुम्ही त्याच्या पुढे जाऊन काय मिळवणार? विमान तुमच्या एकट्यासाठी आधी उडणार नाही. त्याला “तुम्ही कोणत्या विमानाला?” असं विचारा. एकाच विमानाचे निघालात तर दोघं मिळून कंपनीच्या माणसाला हाक मारा.

आता आपल्याकडची एक सवय, जी मला मनापासून नकोशी वाटते. एक जण लाइनीत उभा राहतो आणि वीस मिनिटांनी मागून सहा जण पट्टीखालून वाकून येतात. “आमचे आहेत ते, येऊन राह्यले होते.” गावात लग्नाच्या पंगतीत हे चालतं. इथे मागच्या माणसाच्या पुढे एकदम सहा ट्रे वाढतात. घरची मंडळी मागे राहिली असतील तर पुढच्याने मागे जाऊन त्यांच्यात मिसळावं. लहान मूल बाथरूमला नेऊन आणलं, म्हातारी बाकावर टेकली होती, एवढ्याला कोणी हरकत घेत नाही. पण तिथेही “मावशी इथंच उभी होती, जरा बसली होती” असं मागच्याला सांगून टाका.

काही विमानतळांवर महागड्या तिकिटांसाठी, व्हीलचेअरसाठी वेगळी वाट असते. त्या वाटेचा माणूस तुमच्या समोर येऊन मिसळला तर तो घुसला असं समजून भांडू नका. आणि तुमच्या घरच्या आजोबांना चालवत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून घ्या, निदान दोन दिवस आधी तरी. लाइनीत दया मागण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

समोरचा मोबाइलमध्ये गुंतलाय आणि त्याच्यापुढे दहा फूट मोकळी झाली, तर ती जागा तुमची होत नाही. “भाऊ, समोर सरा” म्हणा. तो सरकतो. नाही ऐकलं तर पुन्हा म्हणा, कानात काही घातलेलं असेल.

ट्रेच्या टेबलापाशी

हीच ती जागा जिथे संथ माणसाच्या पुढे निघणं बरोबर आहे, आणि इथेच लोक उगाच ताटकळत, मनातल्या मनात चरफडत उभे राहतात.

कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची लाइन लागते तेव्हा समोरची गाडी काट्यावरून हलल्याशिवाय मागच्याला काही करता येत नाही. ट्रेचं टेबल तसं नाही. यंत्राला ट्रे हवा असतो, अमक्याचाच हवा असं नसतं. समोरचा बॅगेत हात घालून पॉवर बँक शोधतोय आणि पट्टा रिकामा फिरतोय, अशा वेळी तुमचा भरलेला ट्रे आधी गेला तर त्याचा एक क्षणही जात नाही. उलट तो थांबून राहिला तर मागची सगळी लाइन थांबते. बंगळुरू, दिल्लीसारख्या ठिकाणी तर टेबलाशी तीन-चार जणांनी एकाच वेळी ट्रे भरायची सोयच केलेली असते. तिथे शेजारच्याचं संपायची वाट पाहणं म्हणजेच लाइन अडवणं. नागपुरात काय किंवा कुठे काय, नियम तोच: तुमचं सामान पूर्ण तयार असेल, पट्टा मोकळा असेल, आणि तुम्ही विचारलं असेल.

पूर्ण तयार म्हणजे पूर्ण. पुढे निघून मग लॅपटॉपची चेन उघडायला लागलात तर ज्याला ओलांडलं त्याचं तोंड पाहवणार नाही.

मागच्या दिवाळीनंतर मुंबईला जाताना समोर एक वयस्कर जोडपं होतं. आजोबा धोतर-टोपीत, आजीच्या हातात नायलॉनची पिशवी. आजोबांनी कमरेचा बटवा सोडून ट्रेमध्ये ठेवला, परत उचलला, त्यातल्या नोटा काढून बंडीत ठेवल्या, मग बंडीचा खिसा चाचपला. त्यांच्या मागे वीस-बावीस वर्षांचा पाठीवर बॅग अडकवलेला पोरगा होता, ट्रे भरून हातात धरलेला. मला वाटलं, आता हा सुस्कारा टाकणार. तो म्हणाला, “आबाजी, तुमचं होऊ द्या आरामात. तवर मी माहा ट्रे टाकू का?” आजोबा म्हणाले, “टाक ना बाप्पा, मले टाइम लागते.” पोराने ट्रे पट्ट्यावर सरकवला आणि जाता जाता म्हणाला, “नोटा खिशात राहू द्या, बेल्ट असन तर काढा फक्त.” आजोबांनी कमरेवर हात नेला, बेल्ट कुठे होता धोतराला! आजी हसायला लागली.

त्या पोराचं वाक्य पाठ करावं असं आहे. आधी “तुमचं होऊ द्या”, मग “मी टाकू का”. उलट क्रमाने म्हटलं, “मला जाऊ द्या, तुम्हाला वेळ लागतोय”, तर अर्थ तोच पण माणूस दुखावतो. हाक मारताना वयाप्रमाणे भाऊ, ताई, काकाजी, मावशी, आबाजी. परप्रांतातला माणूस असेल तर हिंदीत “अंकल, आप आराम से कीजिए”. नुसतं “एक्स्क्यूज मी” म्हणून घुसणं आपल्याकडच्या म्हाताऱ्याला कळतच नाही; तो बाजूला सरकतो, घाबरतो, आणि नंबर गेला असं समजतो.

हात मात्र लावायचा नाही. दुसऱ्याचा ट्रे ढकलायचा नाही, त्याची पिशवी सरकवायची नाही, मदत म्हणूनही नाही. त्या नायलॉनच्या पिशवीत कापसाच्या विक्रीचे पैसे असतील, दवाखान्याचे कागद असतील, सुनेसाठी नेलेल्या पाटल्या असतील. ज्याने आयुष्यभर पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, तो ती यंत्रात टाकताना दोनदा विचार करणारच. जड बॅग उचलून द्यायची असेल तर त्यांच्यासमोर, विचारून. आणि अनोळखी माणसाने “जरा ही पिशवी धरा, आलोच” म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा. इथे ज्याच्या हातात पिशवी, त्याच्यावर जबाबदारी.

संथ माणसासाठी सूचना एकच, पण महत्त्वाची: आपला ट्रे यंत्रात शिरताना डोळ्याने पाहा, मगच चौकटीकडे चला. कोणी मागून “चला चला” केलं तरी. तेवढा वेळ घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पण अजून काही काढायचं बाकी असेल तर टेबलाच्या कडेला सरा आणि मागच्याला स्वतःहून म्हणा, “तुम्ही व्हा समोर.” यात कमीपणा नाही.

चौकट आणि झडती

इथे पुढे निघणं नाही, विचारणंही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं, त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे गेली. समोर उभा असतो तो बंदोबस्तावरचा जवान आहे. कोणाला आधी बोलवायचं हे तो ठरवतो. दोन पावलं मागे उभं राहा, त्याने हात केला की चला. चौकटीत समोरच्याच्या पाठीला चिकटून शिरलात तर दोघांनाही परत पाठवतात.

बायकांची झडती वेगळी असते, पडद्याआड, महिला जवानाकडून. नवरा-बायको इथे सुटे होतात, आणि आजी घाबरते ती इथे. आधीच सांगून ठेवा: “तू त्या पडद्यात जाशील, मी पलीकडं बाकड्यापाशी उभा राहतो.” तोवर नवऱ्याने पडद्यासमोर ठाण मांडून वाट अडवू नये. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी सहसा काढावी लागत नाहीत. महिला जवानाने सांगितलं तरच काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. घरातला अनुभवी माणूस पुढे, म्हातारी माणसं मध्ये, दुसरा जाणता माणूस मागे, असा क्रम लावला तर निम्मी घालमेल कमी होते.

पायात रॉड असेल, हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर चौकटीत शिरायच्या आधीच जवानाला सांगा, डॉक्टरचा कागद वरच ठेवा. अशा माणसाला वेळ लागतो. मागच्यांनी तेवढा वेळ गप्प उभं राहायचं, एवढीच इथली रीत.

आणि गंमत करायची नाही. “काय बॉम्ब आहे का याच्यात?” हे वाक्य पारावर हशा पिकवतं. इथे त्याच वाक्याने विमान चुकतं आणि पोलीस चौकी दिसते.

पट्ट्याच्या पलीकडे

सगळ्यात मोठी कोंडी इथे होते, कारण तपासणी संपली म्हणून माणूस सैल पडतो. तिथेच बूट घालणार, तिथेच पाकीट मोजणार, तिथेच पोराला फोन लावणार, “झालं बरं का!” ट्रे मागे साठत जातात आणि पट्टा थांबतो. आपला ट्रे अख्खा उचला, बाकापाशी न्या, तिथे बसून काय ते घाला. रिकामा ट्रे थप्पीला लावा.

कोणी मध्ये उभं राहून सामान भरत असेल तर त्याच्या खांद्यावरून हात घालू नका. “काकाजी, माझा ट्रे त्या बाजूला आलाय, घेऊ का?” म्हटलं की ते सरकतात. बाजूने जाऊन उचलायचं आणि निघायचं. ओढाताणीत बॅगा बदलतात, कारण काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच. आपल्या बॅगेच्या कडीला लाल नाडा बांधून ठेवला की लांबूनच ओळखता येते.

एखाद्याची बॅग बाजूच्या पट्ट्यावर वळवली गेली की तो लाइनीतून बाहेर पडला असं समजा आणि त्याच्या पुढून खुशाल जा. त्याची बॅग उघडून तपासणार आहेत. त्याच्या बॅगेत काय निघतंय हे बघत उभं राहू नका. अडकित्ता निघाला तर त्याला आधीच ओशाळं झालेलं असतं.

अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला जाणाऱ्यांना यातलं फारसं लागणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथून प्रवासी सेवा सुरू झाली ती लहान एटीआर विमानाने, सत्तरएक जणांच्या. सगळी लाइन एकाच विमानाची, त्यामुळे कोणाच्या पुढे जायचं कारणच उरत नाही. ट्रेच्या टेबलापाशी तेवढं विचारा.

ट्रेमध्ये काही राहून गेलं असं गेटपाशी लक्षात आलं, तर लाइनीतून उलटं घुसू नका. बाहेरच्या बाजूला उभ्या जवानाला वस्तू आणि साधारण वेळ सांगा. विमानात बसल्यावर आठवलं तर सीआयएसएफच्या वेबसाइटवर विमानतळावर सापडलेल्या वस्तूंची नोंद असते, तिथे तारीख टाकून बघा. चष्मा, घड्याळ, कमरेचा पट्टा आणि आधार कार्ड, हमखास राहतं ते हेच.